फ्लोरिडाचा घरविमा कायदा: खटले आटोक्यात आले की छोटे दावे बुडाले?

पागोळी: डिसेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडाने घरविम्याचा कायदा बदलला. त्याआधी कंपनीने देऊ केल्यापेक्षा कोर्टात पुरेशी जास्त रक्कम मिळाली (२०२१ पर्यंत तर थोडी जरी जास्त), तर घरमालकाच्या वकिलाची फी कंपनीला भरावी लागे. नव्या पॉलिसींना ती सोय नाही. माझं मत स्पष्ट आहे: यात छोटा दावा मेला. समजा, घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि हरिकेन डिडक्टिबल (वादळाच्या नुकसानातला घरमालकाने स्वतः सोसायचा वाटा) २ टक्के, म्हणजे ८,००० डॉलर. कंपनीचा अ‍ॅडजस्टर (नुकसान मोजणारा माणूस) छपराचं नुकसान ९,५०० काढतो, म्हणजे हातात १,५००. छपरवाला म्हणतो ३१,०००. वाद २१,५०० डॉलरचा. त्यातून वकिलाचा तिसरा हिस्सा आणि इंजिनिअरच्या अहवालाचे काही हजार वजा केले, तर छप्पर पूर्ण होतच नाही. कंपन्यांना हे गणित पाठ आहे.

जुना_हिशेब: सहमत नाही. राज्याच्या विमा नियामकाने दाखवलेलं चित्र आठवा: देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे ९ टक्के फ्लोरिडात, खटले मात्र सुमारे ७९ टक्के. छपरवाले दारोदार फिरून ‘फुकट छप्पर’ म्हणत दाव्याचे हक्क स्वतःच्या नावावर लिहून घेत आणि परस्पर कोर्टात जात. त्याची किंमत प्रत्येकाच्या प्रीमियममध्ये होती. १ जानेवारी २०२३ पासूनच्या पॉलिसींवर हे हक्क-हस्तांतरण बंद झालं, ते योग्यच. शिवाय कंपनीलाही वेसण आहे: दाव्याची पोच ७ दिवसांत (आधी १४), पैसे देणं किंवा नाकारणं ६० दिवसांत (आधी ९०).

पागोळी: साठ दिवसांत काय देतात ते महत्त्वाचं. आणि मुदती ग्राहकाच्याही कापल्यात, ते सोयीस्करपणे गाळलंत. नवा दावा कळवायला दोनाऐवजी एक वर्ष, पुरवणी दाव्याला तीन वर्षांऐवजी १८ महिने. मिल्टन चक्रीवादळ ९ ऑक्टोबर २०२४ ला धडकलं. त्याचा पहिला दावा ९ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. छपराखालची ओल कित्येकदा पुढच्या पावसाळ्यात दिसते.

शिंगलवाला: दोघंही कायद्यावर भांडताय, पण ९,५०० आणि ३१,००० मधला फरक छपरावर ठरतो. अ‍ॅडजस्टर मोजतो फक्त उडालेले शिंगल (छपरावर एकावर एक बसवलेले चपटे तुकडे). वाऱ्याने उचलून दुमडलेल्या शिंगलवर वरच्या कडेजवळ आडवी घडी पडते, ती खालून दिसत नाही. कंपनी तिला ‘झीज’ म्हणते. अशा वेळी दुरुस्ती-चाचणी मागा: फुटक्या शिंगलशेजारचे शिंगल हळू उचलून पाहायचे. जुना माल ठिसूळ झालेला असेल तर शेजारचे तुटतात, म्हणजे तुकडा बदलणं शक्यच नाही, हे व्हिडिओत येतं. चाचणी कंपनीच्या माणसासमोर करा, नाहीतर ‘तुम्हीच तोडलंत’ हे उत्तर ठरलेलं.

दुसरं, २५ टक्क्यांचा नियम. छपराच्या एका भागाचं २५ टक्क्यांहून जास्त काम निघालं तर तो अख्खा भाग नव्या बांधकाम संहितेनुसार करावा लागे. २०२२ पासून २००७ च्या किंवा नंतरच्या संहितेनुसार बांधलेल्या छपरांना यातून सूट आहे. त्यामुळे छपराच्या परवान्याची तारीख आधी काढा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

जुना_हिशेब: हेच म्हणतोय, पुरावा असेल तर कोर्ट कशाला? राज्याच्या वित्तीय सेवा विभागाची मध्यस्थी आहे, खर्च कंपनीचा.

पागोळी: मध्यस्थीतला प्रस्ताव कंपनीवर बंधनकारक नाही. पॉलिसीत असेल तर मूल्यांकनाची वाट आहे, पण तिथे स्वतःच्या मूल्यमापकाची पूर्ण फी आणि पंचाची अर्धी आपल्या खिशातून. आणि त्यात रक्कम ठरते. ‘हे पॉलिसीत बसतच नाही’ असा वाद असेल तर पुन्हा कोर्टच. कोर्टाआधीही १० कामकाजाच्या दिवसांची नोटीस, सोबत अंदाजपत्रक.

किनारपट्टी: टँपा बेच्या लोकांसाठी भर. हेलिन (२६ सप्टेंबर २०२४) आणि मिल्टन यांत दोनच आठवड्यांचं अंतर होतं. हरिकेन डिडक्टिबल एका कॅलेंडर वर्षात त्याच कंपनीकडे एकदाच पूर्ण कापलं जातं. दुसऱ्या वादळाला उरलेलं डिडक्टिबल किंवा इतर नुकसानाचं नेहमीचं डिडक्टिबल, यातलं जे मोठं ते. म्हणून पहिल्या वादळाचं नुकसान ८,००० पेक्षा कमी असलं तरी कळवायला हवं आणि पावत्या ठेवायला हव्यात. ‘काही मिळणार नाही, कशाला कळवा’ म्हणणारे दुसऱ्या वेळी पुरते कापले जातात. आणि समुद्राचं घुसलेलं पाणी घरविम्यात नाहीच, ते पूरविम्यात. केंद्राच्या पूरविम्यात इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर आणि नुकसानाचं शपथेवरचं विवरण ६० दिवसांत द्यावं लागतं. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो टेप लावून घ्या. नाहीतर पूरविमा म्हणतो वारा, घरविमा म्हणतो पूर.

जुना_हिशेब: यावर वाद नाही. कंपन्या अ‍ॅडजस्टरचा आकडा मागाहून खाली आणत, हेही मान्य. पण त्यावर २०२३ मध्ये कायदा झालाच: आकडा कमी केला तर सविस्तर कारण द्यायचं आणि मूळ अहवाल जपायचा.

शिंगलवाला: मग तो ई-मेलने मागा, फोनवर नको. ‘अ‍ॅडजस्टरचं तपशीलवार अंदाजपत्रक, मूळ आणि बदललेलं, सर्व फोटोंसह’ एवढीच ओळ पुरे. तयार झाल्यापासून ७ दिवसांत ते पाठवणं कंपनीवर बंधनकारक आहे. दोन्ही शेजारी ठेवून आधी छपराचं क्षेत्रफळ जुळतंय का पाहा, मग कचरा-उचल, खालची फळी आणि अंडरलेमेंट (शिंगलखालचा पाणीरोधक थर) या ओळी. कपात बहुधा तिथेच झालेली असते.

पागोळी: आणि कपात सापडल्यावर भांडायला वकील कोण देणार, ते जुना_हिशेब सांगतील.