मूळ संख्या आणि ऊर्जापातळ्या : एक दुरुस्ती

मूळ संख्या म्हणजेच अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या, असे कधी कधी म्हटले जाते; ते तसे नाही. या पातळ्यांचे (म्हणजे अणुकेंद्राला घेता येणाऱ्या ठरावीक ऊर्जांचे) साम्य आहे ते गणिती रीमानच्या झीटा फलनाच्या शून्यांशी, म्हणजे ज्या संमिश्र संख्यांसाठी ते फलन शून्य होते त्यांच्याशी. मूळ संख्यांची वाटणी या शून्यांशी कशी बांधलेली आहे, हे रीमानने १८५९ मध्ये मांडले. १९७२ मध्ये प्रिन्स्टनला चहाच्या वेळी गणिती ह्यू माँटगोमेरी यांनी शून्यांमधील अंतरांविषयीचे आपले अनुमानित सूत्र भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांना सांगितले, तेव्हा जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या यादृच्छिक मॅट्रिक्सच्या (योगायोगाने निवडलेल्या आकड्यांच्या चौकटींच्या) सिद्धान्तातही तेच सूत्र येते, हे डायसन यांनी लगेच ओळखले.

आमच्या म्हापसा-पणजी मार्गावर कधी तीन बसगाड्या पाठोपाठ येतात आणि मग (पावसात तर हमखास) बराच वेळ एकही येत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या बिंदूंची अंतरे साधारण अशीच असतात. शून्ये मात्र सहसा एकमेकांना खेटत नाहीत : पहिली चार १४.१३, २१.०२, २५.०१ आणि ३०.४२ या उंचीवर (म्हणजे संमिश्र संख्येच्या काल्पनिक भागात) आहेत. अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी संगणकावर केलेल्या आकडेमोडीत, फार उंचावरच्या शून्यांसाठीही, यादृच्छिक मॅट्रिक्सच्या सूत्राशी जुळणी थक्क करणारी निघाली. तरीही माँटगोमेरी यांचे अनुमान पूर्णपणे सिद्ध झालेले नाही, आणि जिच्या ऊर्जापातळ्या नेमकी हीच शून्ये ठरतील अशी क्वांटम प्रणाली अजून कोणाच्या हाती लागलेली नाही.