६ मिनिटांची रापण, फाइल साडेचार जीबी

प्रश्न: मालवणच्या रापणीचा (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी) व्हिडिओ, १०८०पी, ३० फ्रेम. मोबाइलच्या क्लिपा मिळून १.२ जीबी, एक्सपोर्ट ४.५ जीबी. काय चुकतंय?

उत्तर: बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा. टार्गेट १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) असणार. ३६० सेकंद × १०० ÷ ८ (८ बिट = १ बाइट) = ४५०० एमबी, तुमचाच आकडा. एडिटर सगळं नव्याने एन्कोड करतो, मूळ क्लिपांचा आकार बघत नाही. एच.२६४ (कॉम्प्रेशनचा प्रकार), व्हीबीआर (दृश्यानुसार बदलता बिटरेट), टार्गेट १२ एमबीपीएस ठेवा. ५४० एमबी होईल.

उत्तर: दादा, १२ वर फेसाळत्या लाटेत चौकोन दिसू शकतात. पाणी, पाऊस, सुरूची पानं दर फ्रेमला बदलतात, म्हणून बिट जास्त खातात. आधी लाटेचे १० सेकंदच काढून बघा. १६ लागले तरी ७२० एमबीच.

प्रश्नकर्ता: टार्गेट १०० च होतं. १६ वर लाट स्वच्छ, आवाज धरून ७३० एमबी. आभार!