भावकी ग्रुप: बाळूचं काय ते ठरवा

मोठी आत्या: काल स्टँडच्या मागच्या रसवंतीवर बाळू आणि ती वाडीची पोरगी बसली होती म्हणे, तासभर गप्पा, सकाळपासून मला फोनवर फोन, सगळ्या गावाला ठाऊक आणि आपल्याच घरात पत्ता नाही

आबा: समाज वेगळा हाय. एवढंच बोलतो.

छोटी काकू: आबा पोराचं वय बघा की, तेहतिसावं लागलं. स्थळ आलं की पहिला प्रश्न पुण्यात फ्लॅट आहे का, मग नोकरी परमनंट का, आणि शेवटी शेती किती. म्हणजे पोरगी रानात जाणार नाही पण सातबारा पाहिजे 😀

पुण्याचा दादा: एकट्या बाळूचंच नाही हे काकू. 2022 च्या डिसेंबरात आपल्या सोलापुरात पोरं बाशिंग बांधून घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली होती, बायको द्या म्हणून. लोक हसले. पण 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार पोरांमागं 913 पोरी होत्या, त्याच आज लग्नाच्या वयाच्या. 2011 ला तर 894 वर आलं. गर्भाच्या तपासण्या करून करून पोरी कमी केल्या आणि आता स्थळ शोधतोय

मोठी आत्या: भाषण पुरे. तो एजंट आहे ना, पैसे घेतो पण जमवून देतो

छोटी काकू: आणि आठ दिवसात नवरी दागिने घेऊन पसार. नको बाई

आबा: कोर्टात लग्न केलं तर भावकीत तोंड दाखवायचं कसं

वकील ताई: आबा, रजिस्टर लग्नाला 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती ऑफिसात बोर्डावर लावतात, तिथं गेलेलं कुणीतरी वाचतंच आणि संध्याकाळी पारावर येतंच, पोरं घाबरतात ती त्यालाच. पण दोघं हिंदू आहेत, साधं विधीनं लग्न लावलं तरी 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बसतं आणि नोंदणी होते, जात आड येत नाही. आड येतोय आपण. आणि आत्या राग मानू नका, तुमच्या पिंकीला ते डाळिंबवाल्याचं स्थळ आलं होतं, पोरगा निर्व्यसनी, स्वतःचं शेततळं, तुम्ही बायोडाटा बघून फोटोसुद्धा मागवला नाही. आपली पोरगी शेतकऱ्याला द्यायची नाही आणि दुसऱ्यानं मात्र आपल्या बाळूला द्यायची, हे कुठलं गणित?

मोठी आत्या: ते वेगळं होतं

वकील ताई: कसं?

छोटी काकू: 🤐

(रात्री 1.40)

बाळू: आत्ता वाचलं सगळं, या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, मोटरीवर बसलोय. तेल्या रोगानं अर्धी बाग गेली, फवारणीची उधारी आहे, हे तिला सगळं माहितीय, मी काय लपवलं नाही. ती पोलीस भरतीची तयारी करतीय, ग्राउंड झालं, 800 मीटर चांगली पळाली, आता लेखी बाकी. नोकरी लागली की तिला तलाठी, फौजदार अशी स्थळं येतील हे मला पण कळतं, आणि आली तर मी आडवा येणार नाही, तसं बोललो तर ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. रसवंतीवर तेच मिटवायला बसलो होतो. तिचं एवढंच म्हणणं आहे की निकाल लागेपर्यंत घरी कुणाला कळू नये, कळलं तर तिचा बाप अभ्यास बंद करून मिळेल त्या स्थळाला उजवून टाकेल. तर तोपर्यंत कुणी तिकडं जाऊ नका. आत्या, तुम्हाला खास सांगतोय

(सकाळी 6.15)

मोठी आत्या: मी कशाला जाईन तिकडं

मोठी आत्या: काल फक्त तिच्या चुलतीला फोन केला होता