महिला मंडळात कारागीर आले तेव्हा : तुमचेही अनुभव लिहा

आमच्या गावच्या मंडळात (भोर तालुका) संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणजे दरवर्षी ठरलेलं, प्लास्टिकचा डबा नाहीतर स्टीलची वाटी. यंदा अध्यक्षीणबाई म्हणाल्या की लुटायचंच आहे तर बाजारातल्या बुरूड मावशींकडून छोटी सुपं घेऊ आणि त्यांनाच बोलवू, बायकांना विणताना बघू तरी दे. मावशी संध्याकाळच्या एसटीने आल्या, सोबत कोयता आणि ओला बांबू, शाळेच्या व्हरांड्यात बसल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि अशा सपासप चिरत गेल्या की हिरवी पाती एकीकडे, आतला पांढरा भाग दुसरीकडे. आम्ही सगळ्या जन्मभर सुपात पाखडणाऱ्या, पण काठ बांधायची वेळ आली तर एकीलाही जमेना. मावशी म्हणाल्या, "तुम्हाला जमलं तर मी काय खाऊ?" हशा पिकला, पण बोलल्या ते खरंच. नंतर एक जण भावावरून घासाघीस करायला लागली तर बाकीच्यांनीच तिला गप्प केलं, आत्ताच तर बघितलंस ना एका सुपाला किती वेळ लागतो.

तुमच्याकडे असं कोणी आलं होतं का? काय दाखवलं, काय जमलं, पैशांचं कसं ठरवलं तेही लिहा.

*

आटपाडी साइडचं सांगते. आमच्या सीआरपी ताईंनी (बचत गटांचं काम बघतात त्या) घोंगडी विणणाऱ्या काकांना आणलं होतं. आता माग खड्ड्यातला, तो काय उचलून आणता येतोय, म्हणून काकांनी लोकर, चरखा, ताण्याचा एक तुकडा आणि खळीचा डबा आणला. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, वाटून शिजवायचे आणि ती खळ कुंच्यानं ताण्यावर मारायची, म्हणजे सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. वास असा की पोरं नाक धरून पळाली आणि म्हाताऱ्या मात्र पुढं सरकल्या. मग काकांनी चरखा ओढला आणि बघतो तर काय, त्यांचं सूत सारखं तुटायला लागलं! कारण घरी पिंजायचं, कातायचं सगळं काम बायकोचं. एकीनं तोंडावरच विचारलं, मग काकूंना का नाही आणलं? पुढच्या महिन्यात काकू आल्या, काका कोपऱ्यात बसून चहा पीत होते. काकू फार बोलल्या नाहीत पण हात काय थांबला नाही, धागा नुसता पाण्यासारखा सुटत होता. त्यांनीच सांगितलं की मेंढरं वर्षातनं दोनदा कातरावीच लागतात, पण लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून आता कितीतरी जण ती टाकूनच देतात.

मानधन एकाचंच मंजूर झालेलं. काकूंचं आम्ही गटाच्या पैशातनं दिलं, त्यावर वहीत काय लिहायचं म्हणून नवराबायकोत होत नसेल एवढा वाद झाला, शेवटी "प्रशिक्षण खर्च" लिहून मोकळ्या झालो.

*

काकूंना मानधन दिलंत हे एक नंबर केलंत 👏

*

चिंचोक्याची खळ वाचून आमच्या सावंतवाडीकडची आठवण आली. आमच्याकडे गंजिफा रंगवणारे एक चितारी काका आले होते मंडळात. गोल पत्ते, दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात १२ पत्ते, असे १२०. पत्ता कसला बनवतात तर कापडाचा, त्यावर हीच चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी, मग घोटून घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं ते त्यानंतर. बायकांना वाटलेलं आज आपण मत्स्य-कूर्म काढणार, आणि काकांनी प्रत्येकीच्या हातात दिला दगड, म्हणाले घोटा. पूर्ण संध्याकाळ घोटणंच. काही जणी वैतागल्या, पण मला विचाराल तर तेच बरं झालं. नाहीतर दोन तासात एक फूल रंगवायचं, फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा आणि कला शिकलो म्हणून घरी जायचं, असली वर्कशॉपं बघून बघून कंटाळा आलाय.

*

आमच्याकडे (शिरोळ तालुका) कासार काका आले तेव्हा दोघीतिघी म्हणाल्याच, हे कसले कारागीर, बांगड्या तर फिरोजाबादहून येतात. पण कला भरण्यात आहे की ओ. हात हातात घेतात, अंगठा तळव्यात दुमडून बोटांची हाडं एकात एक बसवल्यासारखी दाबतात, तोंडानं चौकशी चालू, लेक कुठं दिली, पाऊस झाला का, आणि आपण बोलण्यात गुंतलो की बांगडी गेलेली आत. बांगडीचं माप दोन-चार की दोन-सहा ते नुसता हात बघून सांगतात. तरण्या पोरींना साबण लागतो, ह्यांना लागत नाही.

त्यादिवशीचं मेन म्हणजे वेगळंच. माझी चुलत सासू मागं खांबाला टेकून बसलेली, मालक जाऊन बरीच वर्षं झाली. २०२२ ला आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तेव्हा आमच्या मंडळातपण चर्चा झालेली, सगळ्यांनी माना डोलवलेल्या, पण ठराव वेगळा आणि हात पुढं करणं वेगळं. काकांनी आपणहून हाक मारली, "वैनी, या की, तुमचं माप अजून हाय माझ्या ध्यानात." ती आली. हिरव्या नको म्हणाली, निळ्या भरल्या. मागं कोणतरी कुजबुजलं, त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पैसे घ्यायला काका तयार नव्हते, तिनंच कनवटीची नोट काढून त्यांच्या पेटीवर ठेवली.

*

वैनींचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

जरा लांबचा अनुभव, आम्ही इंग्लंडमध्ये सॉमरसेटला असतो, छोटं गाव. इथे गावोगावी विमेन्स इन्स्टिट्यूट असतं, सुरुवात १८९७ ला कॅनडात आणि ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ ला वेल्समधल्या गावात. महिन्यातून एकदा हॉलमध्ये जमायचं, पाहुणा वक्ता नाहीतर कारागीर, मग चहा-केक, हुबेहूब आपलं मंडळ, फक्त उखाणे नाहीत. आमच्याकडे विलोच्या (लवचिक काड्यांचं झाड) टोपल्या विणणारी बाई आलेली. इथल्या पाणथळ भागात विलो पिकवतात. सालीसकट काड्या असतील तर कितीतरी दिवस भिजवाव्या लागतात, सोललेल्या लवकर भिजतात. तळ करताना काही जाड काड्या मधोमध चिरून त्यातून दुसऱ्या आडव्या घुसवल्या, ते बघून मी म्हटलं आमच्या बुरूड आळीत हिला नेली पाहिजे. माझी टोपली एका बाजूला कलली ती कललीच, सध्या तिच्यात कांदे आहेत. पैशांचं विचारलंत म्हणून, इथे त्या बाईची फी आणि पेट्रोलचा खर्च आधीच ठरलेला, विचारताना कोणी लाजत नाही आणि सांगताना तीही लाजली नाही. आपल्याकडे "कला दाखवायला या" म्हणतात आणि हातात नारळ देऊन पाठवतात.

*

नारळ आणि शाल 😄 आमच्या मंडळाने तर शालपण गेल्या कार्यक्रमातली उरलेली दिलेली, मी तिथेच बोलले म्हणून माझ्यावर अजून राग आहे.

बरं, आम्ही भंडाऱ्याकडचे, आता कुंभार दादांना बोलावून राहिलो दिवाळीच्या आधी. चाक घेऊन येतो म्हणाले पण भिजवलेली माती किती लागते, समाजमंदिराच्या फरशीवर चालेल की अंगणच बरं, आणि पणत्या भाजायच्या कुठं, त्यांच्या भट्टीत आपल्या वेड्यावाकड्या पणत्या टाकू देतात का? कोणी केलं असेल तर लवकर सांगा जी, मीटिंग रविवारी आहे.