कातरपंखी, दातेरी की कंगोरेदार?

न्यू जर्सीत आमच्या मागच्या अंगणात एक फुलपाखरू येतं. पंखांच्या कडा बघून आधी वाटलं, पक्ष्याने टोचलंय. पण दुसरं आलं तेही तसंच. इथे त्याला 'क्वेश्चन मार्क' म्हणतात आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याला 'अँगलविंग'. लेकीने मराठी शब्द विचारला. 'कोनपंखी' म्हणून वेळ मारून नेली, पण मलाच पटलं नाही. काही सुचतंय का?

'कोनपंखी' चूक नाही हो. शास्त्रीय नाव पॉलिगोनिया, म्हणजे ग्रीकमध्ये 'पुष्कळ कोनांचं'. पण कोन म्हटलं की आपल्याला कंपासपेटी आठवते! 'दातेरी'ही नको. दातेरी म्हणजे खवणी किंवा करवत, दात सगळे एका मापाचे. या पंखाला एक कोपरा बाहेर, मग खोल खाच, मग शेपटीसारखं टोक. 'कुरतडलेला' म्हटलं की उंदीर आलाच. मी 'कातरपंखी' म्हणेन. कात्री फिरवणाऱ्याच्या मनात काहीतरी नक्षी असते, तसे हे पंख दिसतात. मिटले की वाळकं पान, आणि पानाची कड कधी सरळ असते?

'कंगोरेदार' का नाही? कंगोरा मूळ फारसी, तटावरचे उंचसखल दाते. हल्ली बिचारा 'प्रश्नाचे अनेक कंगोरे' एवढ्यापुरताच उरलाय, त्याला जरा काम मिळेल.

तटावरचे कंगोरेही एका मापाचेच असतात की! दातेरीवरचा आक्षेप इथेही लागू.

आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. एरंडाच्या झाडाभोवती तपकिरी-तांबूस, काळ्या नागमोडी रेघांची दोन फुलपाखरं दिसतात, कॉमन कॅस्टर आणि अँगल्ड कॅस्टर. दोघांच्याही अळ्या एरंडाची पानं खातात. अँगल्डच्या पुढच्या पंखाची कड जास्त टोकदार वळते, ओळख पटवायला ते वळण उपयोगी पडतं. 'कातर एरंड्या' कसं वाटतं? ('पाकोळी' मुद्दाम टाळतोय. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनला 'राणी पाकोळी' म्हणतात खरं, पण पाकोळी म्हटलं की काहींना पक्षी आठवतो, काहींना छोटं वटवाघूळ.)

आणि हे अँगलविंग फुलांवर क्वचितच बसतं. झाडाचा पाझरलेला रस, सडकं फळ, शेण, असला त्याचा आहार. 'फुलपाखरू' हे नावच त्याच्या बाबतीत जरा सैल बसतं.

या गोतावळ्यातल्या युरोपातल्या फुलपाखराला तिकडचे लोक काय म्हणतात तेही बघा. डचांनी कातरलेल्या कडांवरून नाव ठेवलं. फ्रेंच थेट 'रॉबेर ल द्याब्ल', सैतान रॉबेर! जर्मनांनी मात्र कडा सोडून पंखाखालची पांढरी खूण धरली, 'सी'च्या आकाराची. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसनेही 1758 मध्ये तेच केलं, सी-आल्बम, पांढरा सी. इंग्रजांना त्यात स्वल्पविराम दिसला म्हणून 'कॉमा'. हे आपल्या हिमालयातही आहे. देवनागरीत 'सी' कुठून आणणार? आपल्याला तिथे चंद्रकोर दिसायला हवी.

चंद्रकोर! आमच्या क्वेश्चन मार्कला तर कोरीशेजारी वेगळा ठिपकाही आहे. लेकीला फोटो मोठा करून दाखवला, तर म्हणाली, "आई, ही तर आजीची टिकली." आमच्या घरी तरी आता तो 'टिकलीवाला' झालाय. कातरपंखी गोतावळ्यातला टिकलीवाला.