मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्समध्ये (नद्या, उथळ तलाव, दलदल) गाईडशिवाय चालत

भटकी: नॉरिच ते ग्रेट यार्मथ 'व्हेरीमन्स वे' ही नदीकाठची पायवाट चालायचीय. ग्रुप नको, गाईड नको. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारं कुणी मिळेल का? रोज किती किमी ठेवू? उद्या बुकिंग करतेय, पटकन सांगा.

लव्हाळी: कोण कोण? महिना कोणता?

पायपीट: एकूण 55-60 किमी धरा. चार-पाच दिवसांत निवांत होतो, चढ नाहीच.

भटकी: मी, आई, बाबा. आईचा गुडघा कुरकुरतो, पण सपाट आहे म्हणजे जमेल ना?

नदीकाठची: सपाट आहे खरं, पण रीडहॅमच्या पुढे नदीच्या बांधावरून जायचं. सावली नाही, आडोसा नाही, वारा तोंडावर. मधे बर्नी आर्म्सला स्टेशन आहे, पण तिथवर मोटारीचा रस्ताच नाही! आगगाड्या मोजक्या, त्याही हात दाखवून थांबवायच्या. गाडी चुकली की यार्मथपर्यंत आणखी 7-8 किमी. गुडघा दुखला तर टॅक्सी बोलावणार कुठे?

नावाडी: चालता कशाला? रॉक्सम गावात बोट भाड्याने घ्या. लायसन्स लागत नाही.

पायपीट: आला बोटवाला. प्रश्न चालण्याचा आहे हो.

नावाडी: हे ब्रॉड, म्हणजे इथले तलाव, मध्ययुगात पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणून झालेले खड्डे, नंतर पाण्याने भरले. जॉइस लॅम्बर्ट बाईंनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं. बांधावरून काय कळणार त्यातलं?

पायपीट: बोटीतून खड्ड्याचा तळ दिसतो वाटतं?

टेलिफोटो: ब्रिटनमधलं स्वॉलोटेल फुलपाखरू इथलंच. 400 मिमीची लेन्स पुरे.

भटकी: कॅमेऱ्याचं कुणी विचारलंय? सामानाचं सांगा!

नदीकाठची: रॉक्समलाच मुक्काम ठेवा, सामान हलवायलाच नको. तिथून एल्शमपर्यंत ब्युअर व्हॅलीची छोटी गाडी आहे, 9 मैल, रुळांच्या कडेनेच पायवाट. आई दमल्या की पुढच्या स्टेशनवर गाडीत बसवा. रॅनवर्थला दलदलीतून फळ्यांची वाट आहे, तीही छोटीशीच.

लव्हाळी: ती गाडी बारा महिने रोज नसते. म्हणून महिना विचारतेय मघापासून.

भटकी: नोव्हेंबर. बाबांना बर्नी आर्म्सची पवनचक्की बघायचीच आहे.

लव्हाळी: अहो! चारच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा, बांधावर चिखल. बाबांना घेऊन सकाळच्या गाडीने रीडहॅमला उतरा, तिथून पवनचक्कीपर्यंत चाला, आईंना यार्मथला ठेवा. परतीच्या गाडीची वेळ आधी बघा, मगच बुकिंग.

टेलिफोटो: नोव्हेंबरात फुलपाखरं नाहीत, पण पिंक-फुटेड हंसांचे थवे असतात. मग 600 ची घ्या.