मदत हवी आहे: सावंतवाडीचा पायी कलाफेरा, क्रम कसा लावावा?

मंडळी, बाहेरून येणाऱ्याला हातात कागद घेऊन, गाईडशिवाय चालता येईल असा सावंतवाडीचा अर्ध्या दिवसाचा नकाशा करतोय. मोती तलाव, राजवाडा, चितार आळी (लाकडी खेळणी-फळं करणाऱ्या कारागिरांची गल्ली) ही तीन ठिकाणं नक्की.

सुरुवात राजवाड्यापासूनच हवी, कारण गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पारंपरिक खेळायचे पत्ते, रंगवताना तिथे बघता येतात. दशावतारी गंजिफेचा संच 120 पानांचा: दहा अवतार, प्रत्येकी 12 पानं. त्यात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पान गोल, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेलं, वर लाखेचा थर. दोन राजे शेजारी धरा, मिशीची रेघ वेगळी दिसली की हातकाम. हे एकदा डोळ्यांत बसलं की मगच चितार आळीत जावं. उलट गेलं तर लोक नुसती खरेदी करून परततात, याचं वाईट वाटतं.

चितार आळीतली लाकडी फळं परंपरेने पांगाऱ्याची. लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून कोरायला सोपं, पण ओल लागली की बिघडतं. पावसाळ्यात येणाऱ्यांना हे लिहूनच द्यायला हवं.

आता अडचण. दुपारी बाजार थंडावतो आणि फेरा नेमका तिथे अडतो. रेल्वे स्टेशन शहराबाहेर मळगावला, त्यामुळे सकाळच्या गाडीने आलेला माणूसही उशिराच शहरात पोचतो.

तर सांगा: चितार आळीत रंगकाम करताना बघू देणारे कारागीर कोणत्या वेळी बसतात? आणि कुडाळजवळच्या पिंगुळी गावची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) त्याच दिवशी जोडावी की दुसऱ्या दिवशी ठेवावी?